आठवण ही साक्ष, निकाल नव्हे

केमहून पूर्वेला सीना ओलांडली की परंडा. १९४८ साली अलीकडे मुंबई प्रांत होता, पलीकडे निजामाचे राज्य. म्हणूनच 'रझाकार' आणि 'पोलीस अ‍ॅक्शन' हे शब्द आमच्या भागात अजून जिवंत आहेत. वाद निघाला की जो तो आपल्या सोयीच्या आठवणींचे पुस्तक पुढे करतो.

दोनच पुस्तके घेऊ. निजामाचे अखेरचे पंतप्रधान मीर लायक अली यांचे 'ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद' १९६२ चे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या मुक्तिलढ्याच्या आठवणी १९६७ च्या. एकात शोकांतिका, दुसऱ्यात मुक्ती. खरा कोण, हे विचारण्याआधी आम्ही विचारतो: लिहिणारा तेव्हा होता कोठे?

जानेवारी ते सप्टेंबर १९४८ स्वामीजी तुरुंगात होते. सप्टेंबरनंतर लायक अली नजरकैदेत होते. मार्च १९५० मध्ये ते निसटून पाकिस्तानात गेले. म्हणजे रझाकारांच्या जुलमाचे अखेरचे महिने स्वामीजींनी, आणि त्यानंतर खेड्यांतल्या मुसलमानांवर गुदरलेले दिवस लायक अलींनी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. यावरून कोणी खोटा ठरत नाही. वाटाघाटींबाबत एकाची, चळवळीबाबत दुसऱ्याची साक्ष मोलाची आहे. गावांबाबत मात्र दोघांचेही बरेचसे ऐकीव.

गावांत गेले ते पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांचे पथक, त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात. त्यांनी मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना वाचवल्याचेही त्यांनी नोंदवले. हा अहवाल कित्येक वर्षे दडून राहिला. त्यातला आकडा अंदाजच आहे. पण तो जागेवर जाऊन, जखमा ओल्या असताना केलेला आहे.

हदीसच्या अभ्यासात रावी कोण, त्याने कोणाकडून ऐकले, हे आधी तपासतात. ही कसोटी आपल्याला परकी नाही. ती दुसऱ्यांच्या पुस्तकांना लावायची आणि आपल्या घरातल्या कहाण्यांना माफ करायची, हे मात्र चालणार नाही. रझाकारांनी काय केले हे आपल्या कहाणीत गाळले, तर आपले दुःखही कोणी खरे मानणार नाही.

तो काळ पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी लिहून घ्या. गावाचे नाव घाला, तेव्हाचे वय घाला, आणि प्रत्येक गोष्टीपुढे एक शब्द लिहा: पाहिले की ऐकले.