खोगिराखालचा शहाणा

२०१७ साली गियोम बुझार या फ्रेंच चित्रकाराने लकी लूक या चित्रकथेतल्या काउबॉयचा एक आगळा अल्बम काढला. त्याचे कथानक एका वाक्यात सांगता येते: घोडा बोलेनासा झाला आहे. लूक हाक मारतो, विचारतो, मनधरणी करतो. त्याचा घोडा जॉली जंपर गप्प. बाकी कुठल्याही वेस्टर्नमध्ये घोड्याने गप्प बसणे ही बातमी होत नाही, घोड्याचे ते कामच. इथे मात्र त्याच्या मौनावर आख्खे पुस्तक उभे राहते. मुलांसाठीच्या विनोदी वेस्टर्न चित्रकथांचा जीव कुठे आहे, हे बुझारने एका फटक्यात दाखवून दिले. तो स्वाराच्या पिस्तुलात नाही, खोगिराखाली आहे.

हा बोलका घोडा अमेरिकेत जन्मला नाही, याचे आधी नवल वाटते. घोड्यांना खरी प्रसिद्धी दिली ती अमेरिकेनेच. रॉय रॉजर्सचा ट्रिगर, लोन रेंजरचा सिल्व्हर, जीन ऑट्रीचा चॅम्पियन या तिघांच्याही नावाने डेल कंपनी स्वतंत्र कॉमिक्स काढत असे. हे घोडे शूर होते, इमानी होते, मालकाला संकटातून सोडवत होते. पण तोंडातून अक्षर नाही. ज्या देशाने वेस्टर्नची दंतकथा स्वतःची म्हणून सांभाळली, त्या देशाला घोड्याकडून उलट उत्तर ऐकायचे नसावे, असे मला वाटते. आपल्याकडे ‘शोले’त बसंती अखंड बोलते आणि धन्नो अखंड ऐकते, तोच प्रकार. धन्नोला एकदा तरी बोलायची संधी मिळाली असती, तर त्या पटकथेचे काय झाले असते याचा विचार करून पाहावा.

घोड्याला वाचा दिली ती लांबच्या लोकांनी. लकी लूकचा जनक मोरिस हा बेल्जियमच्या कोर्ट्राइक गावचा, आधी ॲनिमेशन स्टुडिओत काम केलेला. लकी लूकची पहिली गोष्ट डिसेंबर १९४६ मध्ये ‘स्पिरू’ साप्ताहिकाच्या वार्षिक अंकात आली, तेव्हा त्याने अमेरिका फक्त पडद्यावर पाहिली होती. त्या गोष्टीतला जॉली जंपर म्हणजे बहुतांशी साधा घोडा. १९४८ मध्ये मोरिस अमेरिकेत गेला, काही वर्षे राहिला, आणि न्यूयॉर्कमध्ये त्याची रने गोसिनीशी गाठ पडली. १९५५ पासून कथा गोसिनी लिहू लागला आणि घोड्याची जीभ सुटली.

गोसिनीची अडचण समजून घेतली की ही युक्ती किती नेमकी होती ते कळते. लूक हा अबोल, निर्विकार माणूस. स्वतःच्या सावलीपेक्षा जलद गोळी झाडतो, पण फुशारकी मारत नाही. त्याला ना घर, ना पूर्वायुष्य, ना पश्चात्ताप. असा नायक विनोदाला नालायक. तमाशात राजा गंभीर असला की सोंगाड्या शेजारी लागतोच. गोसिनीने तो सोंगाड्या राजाच्या बुडाखाली नेऊन बसवला. जॉली बुद्धिबळ खेळतो, मालकाच्या बेतांवर नाक मुरडतो, रान्तानप्लान या ठार मूर्ख कुत्र्याबद्दल उघड तुच्छता बाळगतो. त्याचे शेरे बहुतेकदा लूकसाठी नसतातच, ते वाचकासाठी असतात. आठ-नऊ वर्षांच्या वाचकाला त्यातून एक विलक्षण सुख मिळते: नायकाच्या मागे त्याच्याचबद्दल बोलणारा कोणीतरी आपल्या बाजूचा आहे.

बोलका घोडा म्हटला की सगळे एकाच माळेचे मणी, असे मात्र नाही. घोडा बोलतो यापेक्षा ते कोणाला ऐकू येते, हा प्रश्न मोठा. इटलीत बेनितो याकोवित्तीने १९५७ मध्ये ‘इल जोर्नो’ या दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत ‘कोक्को बिल’ सुरू केला. हा बंदूकबाज गुत्त्यात शिरतो आणि कॅमोमाइलचा काढा मागवतो. त्याचा घोडा त्रोत्तालेम्मे चारचौघांत बोलतो आणि कोणालाही त्याचे आश्चर्य वाटत नाही. वाटणार तरी कसे? याकोवित्तीच्या चौकटीत जमिनीवर सलामीचे तुकडे, माशांचे काटे, पेन्सिली विखुरलेल्या असतात. त्या जगात घोड्याचे बोलणे ही त्यातल्या त्यात समजूतदार गोष्ट. इथे घोडा टीकाकार नाही, स्वाराच्या वेडेपणातला भागीदार आहे. गोसिनीच्या विनोदाला कथानकाचे हाड आहे, याकोवित्तीच्या विनोदाला हाडच नाही, आणि एखाद्या पानापुरते तरी मला दुसरे अधिक मुक्त वाटते. सलग चाळीस पाने वाचली की मात्र डोळे थकतात.

तिसरी तऱ्हा स्वित्झर्लंडची. देरिब आणि जोब यांचा याकारी १९६९ मध्ये जन्मला. हा काउबॉय नव्हे, सू जमातीचा छोटा मुलगा. त्याला गरुडाकडून प्राण्यांशी बोलण्याचे वरदान मिळते आणि लिटल थंडर हा पिंटो घोडा त्याचा जिवलग होतो. प्राण्यांशी संवाद फक्त याकारीचाच. जमातीतली मोठी माणसे त्याला मुकतात. त्यामुळे घोड्याचे बोलणे विनोदाचे न राहता गुपिताचे होते. देरिब घोडा काढण्यात उस्ताद आहे. टापा, आयाळ, उडी मारताना पाठीला येणारा बाक हे सगळे इतके जिवंत, की संवादाचे फुगे पुसले तरी गोष्ट चालेल. हसू मात्र इथे मंद आहे, कधीकधी बोधकथेच्या सुरात हरवणारे.

मग काउबॉयच लहान केला तर? प्रयोग झाले. १९९५ मध्ये ‘किड लकी’ हा लूकच्या बालपणाचा अल्बम आला. पीअर्स या टोपणनावाने तो काढणारा दिदिए कोनराद पुढे ॲस्टेरिक्सचा चित्रकार झाला. दोन अल्बमांनंतर ती वाट थांबली. मोरिसच्या मृत्यूनंतर लूकची सूत्रे हाती घेतलेल्या अशदेने २०११ पासून किड लकी पुन्हा उभा केला, या वेळी पानापानाच्या चुटक्यांत. शाळा, खोड्या, लासो फेकण्याचे शिक्षण आणि सोबत शिंगरू जॉली. अशदेची रेषा टवटवीत आहे, चुटकेही बरे जमतात. तरी काहीतरी निसटते, आणि ते निसटणे त्या शिंगरातच आहे. मोठ्या जॉलीची गंमत अशी की त्या जोडीत वडीलधारा तोच. स्वार पोर आणि घोडाही पोर, मग कान कोणी उपटायचे? दोघे मिळून खोड्या करतात, आणि तशा खोड्या कुठल्याही शाळेच्या कुठल्याही चित्रकथेत सापडतात. माझ्या मते लहान काउबॉयला गरज होती ती म्हाताऱ्या, गुडघे दुखणाऱ्या, तीन मालक पाहून झालेल्या घोड्याची.

दुसरी अडचण कायद्याची आणि काळाची. फ्रान्समध्ये १६ जुलै १९४९ च्या कायद्याने बालप्रकाशनांवर देखरेख आली. ‘बिली द किड’च्या अल्बममध्ये तान्हा बिली पिस्तुलाची नळी चोखतो असे चित्र होते, ते काढावे लागले आणि पुढे बऱ्याच वर्षांनी परतले. १९८३ मध्ये लूकच्या ओठांतली सिगारेट गेली, गवताची काडी आली. सिगारेट गेल्याचे मला दुःख नाही. पण मुलांचे वेस्टर्न ही मुळात मोठ्यांच्या हिंसक जगाची थट्टा आहे. त्या जगातल्या धोकादायक वस्तू एकेक करून उचलून नेल्या, तर थट्टा कशाची करायची?

याहून मोठा प्रश्न विडंबनाचा. ज्याचे विडंबन करायचे ते वाचकाच्या ओळखीचे हवे. गोसिनीचा वाचक आठवड्याला जॉन फोर्डच्या धाटणीचा सिनेमा पाहत होता. १९६३ पासून ‘पिलोत’ साप्ताहिकात शार्लिए आणि जाँ जिरो यांचा ‘ब्लूबेरी’ हा गंभीर, धुळीने माखलेला वेस्टर्न येत होता. दशकाच्या अखेरीस लूकही त्याच साप्ताहिकात आला. एकाच अंकात खरे आणि खोटे शेजारी. आजच्या फ्रेंच मुलाला वेस्टर्न म्हणजे लकी लूक. त्यामागचे मूळ त्याने पाहिलेलेच नाही. त्यामुळे २०१६ पासून कथा लिहिणाऱ्या झ्यूलने इतिहासाचा आणि वर्तमानाचा आधार घेतला. ‘कापसातला काउबॉय’ (२०२०) मध्ये लूकला लुइझियानात मळा वारशाने मिळतो आणि बास रीव्ह्ज हा खरोखर होऊन गेलेला कृष्णवर्णीय मार्शल त्याच्या शेजारी उभा राहतो. १९६१ च्या मिसिसिपीवरच्या अल्बममधली कृष्णवर्णीयांची ठोकळेबाज चित्रे आठवली, की हे पाऊल किती गरजेचे होते ते पटते. त्यानंतरचा, प्राण्यांच्या हक्कांवरचा अल्बम (२०२२) मात्र बातम्यांवरच्या कोट्यांतच रमतो. ज्या कथेत जॉलीने सर्वांत जास्त बोलायला हवे, तिथे माणसेच फार बोलतात. २०१९ मध्ये जर्मन चित्रकार माविलने लूकला सरळ सायकलवर बसवले. तो अल्बम मला झ्यूलच्या निम्म्या पुस्तकांहून ताजा वाटला, कारण त्यात थट्टा कथेच्या यंत्रातूनच येते.

आपल्या देशात हा प्रकार सर्वांत जोमाने टिकला आहे तो तमिळमध्ये. शिवकाशीच्या लायन आणि मुत्तु कॉमिक्सनी लकी लूक आणला आणि तिबे या चित्रकाराचा चिक बिलही आणला. चिक बिल हा तरणा काउबॉय, पण पानभर हशा पिकवतात ते त्याचे साथी: तापट शेरीफ डॉग बुल आणि भोळसट किड ऑर्डिन. त्याच प्रकाशकांनी इटलीचा टेक्स विलर आणि ‘कॅप्टन टायगर’ या नावाने ब्लूबेरीही तमिळ वाचकाच्या हाती दिला. म्हणजे ‘पिलोत’ने केले तेच: गंभीर आणि गमतीचे वेस्टर्न एकाच दुकानात, एकाच भाषेत. फोर्डचा सिनेमा न पाहिलेल्या मदुराईच्या मुलालाही जॉलीचा टोमणा त्यामुळे पुरता कळतो. मराठीत अमेरिकन सरहद्दीचे गंभीर रूप जी. ए. कुलकर्णींनी कॉनरॅड रिक्टरच्या ‘रान’सारख्या अनुवादांतून आणले, तेही फार उंचीवर. मात्र मुलांच्या हाती देण्यासारखी ती पुस्तके नव्हेत, आणि त्यांतल्या घोड्यांना ओझे वाहण्यातून बोलायला सवड नाही.