तेराव्या अध्यायाचे मौन

दैनंदिन मिस्सेच्या वाचनक्रमात सम वर्षी, सामान्य काळाच्या तिसऱ्या आठवड्यात, दावीद राजाचे बथशेबेविषयीचे पाप आणि नाथान संदेष्ट्याने केलेली त्याची कानउघाडणी आपण वाचतो. पुढील सोमवारी वाचन सुरू होते ते अबशालोमाच्या बंडापासून. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायावरून आपण थेट पंधराव्यावर येतो. मधला तेरावा अध्याय, म्हणजे अम्नोनाने आपली बहीण तामार हिच्यावर केलेला बलात्कार, वेदीवरून ऐकू येतच नाही. त्यामुळे अबशालोमाचे बंड निष्कारण भासते. आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी की, तामारेसारखी जखम मनात घेऊन बाकावर बसलेल्या स्त्रीला आपले दुःख पवित्र शास्त्रात लिहिलेले आहे, हे कधीच कळत नाही. या उणिवेचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

प्रथम मूळ कथेकडे पाहू. तामार मुकी नाही. ती अम्नोनाला विरोध करते, नियमशास्त्राची व इस्राएलाच्या अब्रूची आठवण देते. अत्याचारानंतरही ती लपत नाही. डोक्यावर राख घालून, अंगावरचा पायघोळ झगा फाडून, मोठ्याने आक्रोश करीत चालते. तिला गप्प बसविणारा पहिला माणूस शत्रू नसून तिचा सख्खा भाऊ आहे. हे मनावर घेऊ नकोस, अशी तिची समजूत घालतो तोही तोच. राजा संतापतो, परंतु न्याय करीत नाही. दोन वर्षांनी अबशालोम अम्नोनाचा वध करवितो. त्या सुडाने तामारेला काय मिळाले, हे कोणी विचारीत नाही. भावाच्या घरात उजाड होऊन राहिलेली स्त्री, एवढेच तिचे अखेरचे दर्शन. या अध्यायावर क्वचित प्रवचन होते तेव्हा वासनेचे दुष्परिणाम किंवा दाविदाच्या पापाचे फळ, असा बोध काढला जातो. दोन्ही अर्थ खोटे नाहीत; मात्र दोहोंत तामार केवळ दुसऱ्याच्या धड्याचे साधन उरते.

या उजाडपणाचे वैद्यकीय वर्णन फार उशिरा झाले. अमेरिकेत १९७४ साली अ‍ॅन बर्जेस ही परिचारिका व लिंडा होल्मस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ, या दोघींनी बोस्टनच्या रुग्णालयात आलेल्या बलात्कारपीडित स्त्रियांची लक्षणे नोंदविली. १९८० साली, प्रामुख्याने व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या निमित्ताने, आघातोत्तर तणाव विकाराला अधिकृत निदान म्हणून मान्यता मिळाली. घडलेले पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर उभे राहणे, झोप उडणे, जरा आवाज होताच दचकणे, त्या जागा व ती माणसे टाळणे, भावना बधिर होणे, स्वतःलाच दोष देणे, ही त्याची चिन्हे. सैनिकाची व पीडित स्त्रीची जखम एकाच जातीची आहे, हे डॉ. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या ग्रंथात साधार मांडले. सावरण्याच्या तीन पायऱ्या त्या सांगतात: आधी सुरक्षितता, मग स्मरण व शोक, अखेर माणसांशी पुन्हा नाते. पहिलीवाचून दुसरी चढविणे घातक, हे त्यांचे म्हणणे आपण विशेष ध्यानात घ्यावे. कारण सद्हेतूनेही तपशील खोदून विचारणारा धर्मगुरू जखमेवरची खपली काढीत असतो.

या विकारावर उपचार आहेत. बलात्कारपीडित स्त्रियांसाठीच प्रथम सिद्ध झालेल्या एका संवादोपचारात, ‘दोष माझाच’ या समजुतीची रुग्णाकडूनच पारख करून घेतात. येथे आपल्या प्रायश्चित्त संस्काराशी थेट गाठ पडते. अशी स्त्री आपल्यापाशी अनेकदा पापनिवेदनाच्या रूपानेच येते. आपण घाईने क्षमेचे शब्द उच्चारले, तर जे तिचे पाप नव्हतेच त्यावर पाप म्हणून शिक्कामोर्तब होते. अपराधी वाटणे आणि अपराधी असणे यांतील भेद नीतिशास्त्रात आपण शिकलो आहोत. तो तिला स्पष्ट शब्दांत सांगणे हे धर्मगुरूचे पहिले कर्तव्य होय.

क्षमेविषयी हर्मन यांचे मत आपल्यापैकी पुष्कळांना बोचेल. सूड व क्षमा या दोन्ही कल्पना शोक टाळण्याच्या वाटा ठरू शकतात. आणि अपराध्याने कबुली, पश्चात्ताप व भरपाई केल्यावाचून खरी क्षमा शक्य नाही, असे त्या म्हणतात. अबशालोमाने सुडाची वाट धरली, आपले व्यासपीठ क्षमेची धरते; तामारेचा शोक दोघेही ओलांडून जातात. लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात प्रभू क्षमेआधी अपराध्याला दटावण्यास सांगतो व त्याच्या पश्चात्तापाचा उल्लेख करतो. जक्कयही चौपट परतफेड बोलून दाखवितो. क्रुसावरची प्रार्थना ही घायाळ प्रभूने स्वतः पित्याला केलेली विनंती आहे. दुसऱ्या घायाळाला केलेली आज्ञा नव्हे. तथापि एका बाबतीत हर्मन आम्हांस अपुऱ्या वाटतात. पश्चात्ताप न करणाऱ्या अपराध्याच्या द्वेषातूनही पीडितेला मोकळे करणारी कृपा असते, ही आपली श्रद्धा आहे. मात्र ती कृपा कोणाकडून वसूल करता येत नाही. आणि अशी अंतरीची मुक्तता म्हणजे अपराध्याशी समेट नव्हे.

दुसरी उणीव अधिक व्यावहारिक आहे. हर्मन यांच्या विवेचनामागे बंद खोलीतला उपचारक व एकटी रुग्ण आहे. बुऱ्हाणपुरात अपराधी त्याच गल्लीत, पुष्कळदा त्याच घरात असतो. लेकी-सुनांचे नाते रावेर-जळगावपर्यंत पसरलेले. आणि ‘घराण्याची अब्रू’ म्हणून प्रकरण चार वडीलधाऱ्यांत मिटविले जाते. येथे सुरक्षितता एकटीने मिळविता येत नाही; ती समाजाने द्यावी लागते. याचा धडा आपल्याच इतिहासात आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून, ज्यात तेव्हा बुऱ्हाणपूरही होते, शेकडो मुली आणल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना आधी छप्पर व अन्न, मग शिक्षण, विणकाम, छपाई मिळाली. समाजाने ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले. बाईंपाशी मानसोपचाराची परिभाषा नव्हती. पण पायऱ्यांचा क्रम चुकला नव्हता.

म्हणून धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी काही गोष्टी पक्क्या जाणाव्यात. कोणत्याही रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, पीडितेवर विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. पोलिसांत तक्रार आधी हवी, ही अट नाही. एचआयव्ही-प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, म्हणून समेटाच्या बैठकीत वेळ घालवू नये. गुन्हा सीमेपलीकडे घडला असला तरी तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदविता येते. २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तसे स्पष्ट लिहिले आहे. पीडित व्यक्ती १८ वर्षांखालील असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने खबर देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. धर्मशिक्षकाच्या कानावर आलेली गोष्ट त्यास अपवाद नाही. मानसिक साहाय्यासाठी ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सेवा आहे. आणि आरोपी आपल्याच झग्यातला असेल, तर पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या आदेशाने ते वरिष्ठांस कळविणे प्रत्येक धर्मगुरूचे कर्तव्य ठरविले आहे. तेथे मौन राखणारा पुन्हा अबशालोमाचेच शब्द उच्चारीत असतो.

वाचनक्रम बदलणे आपल्या हाती नाही. पण प्रार्थनासभेत, महिला मंडळात, धर्मशिक्षणाच्या वर्गात तेरावा अध्याय वाचण्यास कोणाची आडकाठी नाही. तो बोध न काढता, सावकाश वाचावा, आणि तामारेच्या आक्रोशापाशी थांबावे. सभेनंतर एखादी स्त्री मागे रेंगाळली, तर तिला गप्प राहा म्हणणारा तो आणखी एक भाऊ आपण ठरू नये.