पिठाचा कोंबडा आणि ट्यूलिप

दशलक्षण पर्वाचे दिवस होते. बस्तीतून घरी आले, तर मुलगा कॉम्प्युटरसमोर बसून तलवार चालवतोय. म्हटलं, “या दहा दिवसांत तरी मारामारी नको रे.” तर म्हणतो, “आई, मी मारत नाहीये, सोडवतोय.”

मी त्याला यशोधर राजाची गोष्ट ऐकवली. आईच्या आग्रहाखातर राजानं खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला. रक्ताचा थेंब सांडला नाही, पण मारण्याचा भाव तर झाला! तेवढ्यापायी मायलेकरांना मोर-कुत्र्यांपासून कितीतरी तिर्यंच जन्म फिरावे लागले. पडद्यावरचा राक्षस म्हणजे पिठाचा कोंबडाच की. पोरानं ऐकून घेतलं नि म्हणाला, “एकदा खेळून बघ, मग बोल.” पर्व संपल्यावर मी खेळले.

खेळाचं नाव ‘सोल ब्लेझर’. क्विंटेट या जपानी कंपनीनं तो सुपर निन्टेन्डो या १६-बिट यंत्रासाठी केला आणि १९९२ साली एनिक्सनं बाजारात आणला. गोष्ट अशी : मॅग्रिड नावाचा राजा सोन्याच्या लोभानं डेथटोल या दुष्ट शक्तीशी सौदा करतो. एका जिवामागे सोन्याचं एक नाणं! बघता बघता राज्य ओस पडतं. मग वरचा स्वामी आपल्या दूताला खाली पाठवतो. तो दूत म्हणजे आपण.

लढाई म्हणून पाहिलं तर खेळ साधाच आहे. नायक चारच दिशांना वळतो, तलवार फिरवण्यात फारसं कौशल्य लागत नाही. पण एक गोष्ट वेगळी आहे. राक्षस बिळांतून येतात, ते मोजके असतात. ते संपले की आपण बिळावर पाय ठेवायचा. बीळ बंद होतं आणि त्यात कोंडलेला एक जीव सुटतो. लगेच गावाचं दृश्य दिसतं : मोकळ्या माळावर एक घर उभं राहिलं, एक माणूस आला, एक झाड आलं. परत जाऊन त्याच्याशी बोलावं, तर तो पुढची वाट सांगतो. लढाईपेक्षा हे परतून जाणंच मला जास्त ओढत राहिलं. रिकाम्या गावात पुन्हा बोलणं ऐकू येऊ लागतं, यापरता आनंद नाही. तीस वर्षं उलटून गेली तरी लोक हा खेळ का काढून बसतात, त्याचं उत्तर मला इथेच मिळालं.

आणि सुटणारे जीव तरी कोण? पहिल्या गावात माणसांबरोबर बकरी आहे, ट्यूलिपचं फूल आहे. पुढे जंगलातले प्राणी नि झाडं, समुद्रातले डॉल्फिन, डोंगरावरच्या गोगलगायी. सगळे बोलतात. फुलासाठी तेवढंच बीळ, तेवढीच झुंज. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतचे जीव आपण पाठशाळेत पाठ केले, पण एकेंद्रियाचं म्हणणं ऐकायला थांबलो कधी? हा खेळ थांबवतो. शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत तर दरवाजा नि ड्रॉवरचं कपाटही बोलायला लागतं. तिथे मी हसले. कपाट अजीव, आपल्याकडे ते चालायचं नाही. पण जीव नाही म्हणून एखादी वस्तू कशीही वापरून फेकावी का, हा प्रश्न राहिलाच.

आता माझी तक्रार. जिथे फुलालाही आत्मा आहे, तिथे बिळातून येणाऱ्या राक्षसांना का नाही? खेळ हे विचारतच नाही. ‘राक्षस म्हणजे आत्म्यावरचं कर्माचं आवरण, ते झडलं की झाली निर्जरा,’ असं म्हणून मला सुटता आलं असतं. मला मोहही झाला. पण निर्जरा ज्याची त्यानं तपानं करायची असते. दुसऱ्याच्या तलवारीनं ती होत नाही, आणि सोडवायला दूत पाठवणारा स्वामी आपल्याला मान्यच नाही. यशोधराच्या गोष्टीवरून मी हटलेली नाही. मुलाला तसं सांगितलंही.

दुसरं असं की इथली सुटका म्हणजे मोक्ष नव्हे. सुटलेली बकरी पुन्हा बकरीच होते, संसारात परतते. शेवटी स्वर्गात गेलेला नायकसुद्धा सगळं विसरून, माणूस होऊन पुन्हा त्याच गावात येतो, ओळखीच्या मुलीपाशी. आपल्या हिशेबानं हे उलटं चालणं झालं. तरी शेवट पाहताना माझे डोळे भरले, ते का लपवू? त्या गावातला एकेक जीव मी हातानं परत आणला होता. मलाही तिथेच जावंसं वाटलं. राग किती गोड असतो, हे ग्रंथात वाचून जेवढं कळलं नव्हतं, तेवढं त्या रात्री कळलं.

दर क्षमावाणीला आपण चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या जिवांची क्षमा मागतो. एका दमात. यंदा मागताना मी मध्येच थांबले. अंगणातल्या जास्वंदीला विचारलं, “तुझं काही म्हणणं आहे का ग?” मुलगा हसला. पण तोही थांबला होता.