'दो आँखें बारह हाथ' आणि तुरुंगाबाहेरची शिक्षा

व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाला १९५८ सालच्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले, हे चित्रपटाच्या इतिहासात सर्वत्र नोंदलेले असते. त्याच महोत्सवात आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचे पारितोषिकही त्याला लाभले होते, हे मात्र आपल्या समाजातसुद्धा फारसे कोणाच्या स्मरणात नाही. सहा खुनी कैदी, त्यांना तुरुंगाबाहेर माळरानावर नेऊन माणसांत आणू पाहणारा एक तरुण अधिकारी आणि त्या अधिकाऱ्याचे आत्मबलिदान, एवढे कथासूत्र सांगितले तरी ख्रिस्ती परीक्षकांना हा चित्रपट का भावला असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही. आम्हांलाही तो भावतो. तरीही गुन्हेगाराला तुरुंगात न डांबता समाजात ठेवून शिक्षा देण्याचा विचार आता आपल्या कायद्यात शिरला असताना, या चित्रपटाने आपल्या मनावर बिंबवलेले चित्र कितपत विश्वासार्ह आहे, हे तपासून पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते. कारण या विषयावर सर्वसामान्य भारतीय माणसाच्या डोळ्यांपुढे दुसरे चित्रच नाही.

चित्रपटातील अधिकाऱ्याचे नाव आदिनाथ. ही भूमिका स्वतः शांतारामांनी केली. सहा कैद्यांना घेऊन तो एका ओसाड जागी जातो, त्यांच्याकडून जमीन कसवून घेतो, पीक काढतो आणि तो भाजीपाला रास्त भावाने बाजारात विकायला लावतो. कैदी पळून जाण्याचा प्रयत्न करतात तेव्हा आदिनाथाचे दोन विशाल डोळे त्यांना सर्वत्र दिसू लागतात व ते मागे फिरतात. या डोळ्यांवरच चित्रपटाचा सारा डोलारा उभा आहे. वसंत देसाई यांच्या संगीतातील ती सुप्रसिद्ध प्रार्थना आणि संध्याबाईंची खेळणी विकणारी चंपा यांनी कथेला ओलावा आणला आहे. कलाकृती म्हणून तिच्या गुणांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात भर घालण्याचा आमचा हेतू नाही. आमचा आक्षेप डोळ्यांविषयी आहे.

ही कथा ग. दि. माडगूळकरांची. त्यांचा जन्म आटपाडी परिसरातील शेटफळ्याचा, आणि हा मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता. त्याच आटपाडीजवळ १९३९ साली 'स्वतंत्रपूर' नावाची कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली. गदिमांना कथेचे बीज आपल्या अंगणातच सापडले, असे म्हणण्यास हरकत नाही. या वसाहतीमागे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांची संमती होती आणि कल्पना मुख्यतः मॉरिस फ्रिडमन या पोलिश ज्यू अभियंत्याची होती. हा मोठा विलक्षण मनुष्य. बंगलोरला कारखान्यात नोकरीसाठी आला, गांधीजींच्या सहवासात राहिला, औंधमध्ये लोकशाही राज्यघटनेच्या कामात गुंतला आणि पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत आणून जगापुढे ठेवली. त्याच्यावर मराठीत एक चांगले चरित्र असावयास हवे, अशी आमची जुनी इच्छा आहे.

स्वतंत्रपुरात कैद्यांना कुटुंबासह राहण्याची मुभा होती. बायकामुले जवळ, कसायला जमीन, घाम गाळून मिळवलेली भाकर आणि भोवती भिंत नाही, अशी तिची रचना होती. चित्रपटात या रचनेचे काय झाले? तेथे आहे एक तेजस्वी पुरुष आणि त्याची नजर. संस्थानाचा हुकूम, नियम, हिशेबाची वही, कुटुंब, या साऱ्या नीरस गोष्टी पडद्यावरून जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. नाट्याची गरज म्हणून ते क्षम्य आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला की सुधारणा म्हणजे एखाद्या संतपुरुषाचा चमत्कार, ही समजूत पक्की झाली. आदिनाथ मोकाट बैलाशी झुंजताना मरतो. (हे दृश्य चित्रित करताना खुद्द शांतारामांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती.) त्याच्या जागी दुसरा अधिकारी आला की नाही, आला तर त्याच्या डोळ्यांत तेवढे तेज होते की नाही, हा प्रश्न कथेला पडत नाही. आटपाडीच्या वसाहतीला मात्र तो दर बदलीच्या वेळी पडला असणार. फ्रिडमन गेले, संस्थान विलीन झाले, अधिकारी येत गेले व जात गेले, वसाहत टिकली.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. खुली वसाहत हाही तुरुंगाचाच एक प्रकार आहे. तेथील माणूस शिक्षा भोगत असलेला कैदीच असतो. समाजसेवेची शिक्षा त्याच्या एक पाऊल पुढे जाते. तीत गुन्हेगार स्वतःच्या घरी राहतो, आपली नोकरी करतो आणि न्यायालयाने ठरवलेले तास विनावेतन सार्वजनिक काम करतो. इंग्लंडात १९७२ च्या कायद्याने ही शिक्षा आली आणि १९७३ पासून प्रथम सहा विभागांत तिचा प्रयोग झाला. कमीत कमी ४० व जास्तीत जास्त २४० तास, आणि तेही गुन्हेगाराची संमती घेऊन, अशी तिची मूळ आखणी होती. पुढे ती सर्व देशात पसरली व अनेक देशांनी उचलली.

मग ही शिक्षा तुरुंगापेक्षा परिणामकारक ठरली काय? याचे उत्तर देताना मोठी फसगत होऊ शकते. तुरुंगातून सुटलेल्यांत पुन्हा गुन्हा करणारे जास्त आणि बाहेर शिक्षा भोगलेल्यांत कमी, असे नुसते आकडे सांगणारे पुष्कळ असतात. परंतु न्यायाधीश मुळात निर्ढावलेल्यालाच तुरुंगात धाडतो आणि नवख्याला बाहेर ठेवतो. त्यामुळे हा फरक शिक्षेचा की माणसांचा, हे कळत नाही. ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही अडचण ओळखून, पूर्वेतिहास व परिस्थिती सारखी असलेल्या गुन्हेगारांची एकमेकांशी तुलना केली होती. बारा महिन्यांपेक्षा कमी तुरुंगवास झालेल्यांमध्ये वर्षभरात पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण, समाजात राहून वा स्थगित स्वरूपात शिक्षा भोगणाऱ्यांपेक्षा शंभरात सुमारे चारने अधिक भरले.

शंभरात चार! चित्रपटात सहापैकी सहा सुधारतात. बाराच्या बारा हात नांगराला लागतात. ज्यांचे मन या हिशेबावर पोसले आहे, त्यांना शंभरात चार म्हणजे थट्टा वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. त्या चार माणसांच्या मागे चार घरे असतात, आणि त्यांनी ज्यांना लुबाडले वा मारले असते, ती माणसेही असतात. शिवाय हा लाभ तुरुंगाच्या खर्चाचा थोडा भाग खर्चून मिळतो. तो का मिळतो, हेही गूढ नाही. तीन-चार महिन्यांचा तुरुंगवास माणसाची नोकरी घालवायला, भाड्याची खोली सुटायला आणि मुलांनी शाळेत टोमणे ऐकायला पुरेसा असतो. एखादे कसब शिकायला मात्र तो पुरत नाही. तेवढ्या काळात मुरलेल्या गुन्हेगारांची ओळख तेवढी होते. बाहेरची शिक्षा हे सारे तुटू देत नाही, इतकाच तिचा गुण.

हा गुणही आपोआप टिकत नाही. इंग्लंडात २०१४ नंतर कमी व मध्यम धोक्याच्या गुन्हेगारांची देखरेख खासगी कंपन्यांकडे सोपवण्यात आली. अधिकाऱ्यांवर कामाचा भार वाढला आणि काही ठिकाणी ही देखरेख दूरध्वनीवरून विचारपूस करण्यापुरती उरली. अखेर २०२१ मध्ये सरकारला ते काम पुन्हा आपल्या हाती घ्यावे लागले. शिक्षा कागदावर तीच होती. दर आठवड्याला समोर बसून 'कामावर का आला नाहीस?' असे विचारणारा माणूस तेवढा नाहीसा झाला होता. आदिनाथाच्या डोळ्यांचे गद्य भाषांतर करावयाचे झाले तर ते हेच होईल: ठरलेल्या दिवशी भेटणारा, पगार वेळेवर मिळणारा आणि हाताखाली झेपतील इतकीच माणसे असणारा परिवीक्षा अधिकारी. आपल्याकडे परिवीक्षेचा केंद्रीय कायदा १९५८ सालचाच आहे; बर्लिनमध्ये चित्रपट गौरवला गेला त्याच वर्षीचा. चित्रपट घराघरांत पोहोचला. कायद्याचे नाव किती वाचकांनी ऐकले असेल, याची आम्हांला शंका आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने 'सामुदायिक सेवा' हा शिक्षेचा एक प्रकार म्हणून प्रथमच स्वीकारला. मोजक्या किरकोळ गुन्ह्यांसाठी ती आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या माणसाने पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी केली असेल आणि माल वा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला हीच शिक्षा. सार्वजनिक जागी दारू पिऊन गैरवर्तन करणारा, अब्रुनुकसानी करणारा यांनाही ती देता येते. काम किती तास, कोणते आणि देखरेख कोणाची, हे मूळ कायदा सांगत नाही. म्हणजे हात आहेत, डोळ्यांची व्यवस्था व्हावयाची आहे.

कायदा अमलात येण्याच्या सुमारे सहा आठवडे आधी, मे २०२४ मध्ये, पुण्यात एका भरधाव महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला बाल न्याय मंडळाने काही तासांतच जामीन दिला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहिणे, पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम करणे अशा अटी घातल्या. लोक संतापले, आणि तो संताप न्याय्य होता असेच आमचे मत आहे. वास्तविक त्या जामिनाच्या अटी होत्या. शिक्षा अद्याप कोणीच दिलेली नव्हती. परंतु 'समाजसेवा' हा शब्द त्या दिवसापासून श्रीमंतांच्या पळवाटेचा समानार्थी होऊन बसला. गरिबाच्या पाच हजारांच्या चोरीसाठी केलेल्या तरतुदीला, तिचा जन्म होण्यापूर्वीच हा डाग लागला. मृतांच्या आईबापांचे दुःख बाजूला सारून कोणतीही सौम्य शिक्षा समाजाच्या गळी उतरणार नाही. शांतारामांच्या चित्रपटाची हीदेखील एक उणीव आहे: सहा खुन्यांच्या अंतःकरणात आपल्याला शिरता येते, त्यांनी मारलेल्यांच्या घरात कथेचे मन रमत नाही.

आणखी एक मर्यादा सांगून ठेवतो. २०२२ च्या अखेरीस आपल्या देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती, आणि त्यांपैकी ४ लाख ३४ हजारांवर, म्हणजे दर चारांतील तीन, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. समाजसेवेची शिक्षा दोषी ठरल्यावर मिळते. या माणसांना तिचा काडीचाही उपयोग नाही. आपल्या तुरुंगांतील गर्दी या नव्या तरतुदीने ओसरेल, असे जे उत्साहाने लिहितात त्यांनी हा आकडा पाहावा.

चित्रपटात आम्हांला सर्वांत खरा वाटणारा भाग डोळ्यांचा नाही, बाजाराचा आहे. कैदी स्वस्त भावाने भाजी विकू लागतात आणि तेथील व्यापाऱ्याचा धंदा बसतो. ज्यांना सुधारण्यासाठी आदिनाथाने एवढा अट्टहास केला, त्यांच्या हातून त्याला मरण येत नाही. तुरुंगाचे तोंडही न पाहिलेल्या, गावात प्रतिष्ठित म्हणून मिरवणाऱ्या त्या व्यापाऱ्याने सोडलेल्या बैलामुळे येते. शिक्षा भोगणाऱ्याला समाजात ठेवावयाचे म्हटले की समाजाने त्याला जागा द्यावी लागते, आणि ती देताना आपल्या ओट्यावरची थोडी जागा कमी होते. पटकथेने हे अचूक हेरले आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय आपल्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. त्याला येशूने कोठडीत धाडले नाही. त्याच्या घरी तो जेवायला गेला, आणि लुबाडलेल्याच्या चौपट परत करण्याचे वचन जक्कयाने आपल्याच गावात दिले. त्या प्रसंगी कुरकुर केली ती गावकऱ्यांनी. ख्रिस्तसभेने तुरुंगातल्या माणसाला कधी टाकले नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या पवित्र गुरुवारी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन कैद्यांचे पाय धुतले, आणि २६ डिसेंबर २०२४ रोजी रेबिबिया तुरुंगात जुबिली वर्षाचे पवित्र द्वार उघडले. आपल्याकडेही तुरुंगसेवेला वाहून घेतलेले धर्मगुरू, धर्मभगिनी व प्रापंचिक आहेत. नाताळात केक घेऊन तुरुंगाच्या फाटकातून आत जाणे आपल्याला चांगले जमते.

या नव्या शिक्षेत मात्र फाटकातून आत येण्याची पाळी त्याची आहे. आपल्या धर्मप्रांतांच्या शाळा, दवाखाने, वृद्धाश्रम, दफनभूमी यांना काम करणारे हात नेहमीच कमी पडतात. उद्या एखाद्या दंडाधिकाऱ्याने पॅरिश कौन्सिलला पत्र पाठवून विचारले, की सायकलचोरीत दोषी ठरलेला एक तरुण चाळीस तासांसाठी तुमच्या वृद्धाश्रमात झाडलोट करायला पाठवू काय, तर त्या बैठकीत काय बोलले जाईल? कपाटांना कुलपे लावण्याची सूचना येईल. ती रास्तही असेल. शाळेचे पालक काय म्हणतील, असे कोणी विचारील. त्याच्या हजेरीची वही कोण ठेवणार, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी येईल, आणि कामाचा प्रश्न खरे तर तोच आहे.