‘थिन-फॅट’ भारतीय शरीर : एका संशोधन-संकल्पनेची चिकित्सा (धाराशिव जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

लठ्ठपणा हा वैद्यकशास्त्राचा विषय म्हणून स्थिरावला तो वजनकाट्याच्या आधाराने. बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वजन आणि उंची यांचा जो संबंध मांडला, त्यालाच अमेरिकी संशोधक अन्सेल कीज याने १९७२ मध्ये ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. केटलेला शोध होता तो ‘सरासरी माणसा’चा, रोगी माणसाचा नव्हे. तरीही पुढे हाच निर्देशांक निरोगी आणि रोगी यांच्यातील सीमारेषा ठरला. २५ च्या वर गेला तो अतिवजनाचा, ३० च्या वर गेला तो स्थूल, अशी विभागणी जगभर रूढ झाली. योगायोग असा की, कीजने हे नाव दिले त्याच १९७२ साली मराठवाडा विसाव्या शतकातील एका भीषण दुष्काळाला तोंड देत होता. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध असू शकतो, ही शक्यता जगासमोर ठामपणे मांडली ती पुण्यातील संशोधनाने. या संशोधनातून पुढे आलेली ‘थिन-फॅट’ भारतीय शरीराची संकल्पना, म्हणजे दिसायला रोड पण आतून मेदस्वी असे शरीर, ही प्रस्तुत लेखात चिकित्सेसाठी घेतली आहे.

शरीरात मेद किती आहे यापेक्षा तो कोठे साठला आहे, याला चयापचयाच्या दृष्टीने अधिक महत्त्व आहे. फ्रेंच वैद्य जाँ व्हाग याने १९४७ मध्येच हे लक्षात आणून दिले होते. मांड्या-नितंबांवर, त्वचेखाली साठलेला मेद तुलनेने निरुपद्रवी असतो. पोटात, यकृताभोवती आणि आतड्यांभोवती साठणारा मेद मात्र इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणतो, रक्तातील साखर व चरबी वाढवतो. म्हणूनच वजनाने जास्त असूनही चयापचयाने सुस्थितीत असलेली माणसे आढळतात आणि वजनाने बेताची असूनही मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली माणसेही आढळतात. पहिल्या वर्गाची चर्चा पाश्चात्त्य वाङ्मयात विपुल आहे. भारतात, त्यातही महाराष्ट्रात, प्रश्न प्रामुख्याने दुसऱ्या वर्गाचा आहे.

पुण्याचे पुरावे आणि त्यांचे वाचन

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही निर्देशांक २२.३, म्हणजे कोणत्याही तक्त्यानुसार निर्दोष. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. आडनावांच्या आद्याक्षरांवरून ‘वाय-वाय विरोधाभास’ या नावाने हे छायाचित्र इतके गाजले की, मधुमेहावरील व्याख्यान या चित्राशिवाय पुरे होईना.

चिकित्सेची सुरुवात येथूनच करावी लागते. दोन माणसांवरून दोन वंशांविषयी विधान करता येत नाही, याची लेखकद्वयाला पूर्ण जाणीव होती. एक लेखक मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचे धावणे रुग्णालयातील लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी ती गाठण्यापुरतेच असते, अशा आशयाची मिस्कील कबुली त्यांनी त्याच लेखात दिली आहे. पुढे हे चित्र उद्धृत करणाऱ्यांनी आकडे ठेवले आणि विनोद गाळला. त्या विनोदाबरोबर शरीरश्रमाचा मुद्दाही गळून पडला, ही बाब गंभीर आहे.

या संकल्पनेचा भक्कम आधार छायाचित्रात नाही. तो पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात आहे. या खेड्यांतील गर्भवती स्त्रियांची गर्भारपणापूर्वीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आणि वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांच्या अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील अर्भकांचे ३.५ किलो. ही तूट सर्व अवयवांत सारखी नव्हती. पोट आणि दंड यांचे घेर फार कमी, म्हणजे उदरातील अवयव आणि स्नायू खुरटलेले. पाठीवरच्या, खांद्याच्या फऱ्याखालच्या त्वचेची घडी मात्र बरीचशी टिकून होती. गर्भाने टंचाईत स्नायूंवर काटकसर केली आणि मेद राखला, असा याचा अर्थ लावला गेला. पुढे २००८ मध्ये याच मुलांच्या सहाव्या वर्षीच्या तपासणीतून, गर्भारपणात आईच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त असेल, तर मुलात इन्शुलिन-प्रतिरोध अधिक दिसतो, हेही निदर्शनास आले.

एवढ्या चिकाटीने, एवढ्या वर्षांत, ग्रामीण स्त्रीच्या शरीराकडे पाहणारे दुसरे काम महाराष्ट्रात क्वचितच झाले असेल. त्यामुळे आक्षेप संशोधनावर नाही. संशोधनाच्या सारांशावर आहे. याच अभ्यासाच्या अन्य निबंधांत असे नोंदवले आहे की, गर्भारपणात शेतीचे आणि घरातील कष्ट अधिक करणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान होती, तर हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ज्यांच्या आहारात होते त्यांची बाळे तुलनेने मोठी होती. म्हणजे विहिरीची वाट, खुरपणीचा हंगाम आणि ताटातली भाजी हे सारे मूळ अभ्यासात आहे. ‘थिन-फॅट’ या दोन शब्दांत ते मावले नाही. उरला तो ‘भारतीय’ हा शब्द, आणि तो वंशाचे नाव असल्यासारखा वाचला जाऊ लागला.

वंशाच्या नावाखाली परिस्थिती झाकली जाते, याचा एक बोलका दाखला अमेरिकेत सापडतो. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे १९७९ मध्ये सुरू झालेल्या हृदयविकार-अभ्यासात मेक्सिकन वंशाच्या नागरिकांत मधुमेहाचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आढळले आणि केवळ वजनाने हा फरक उलगडला नाही. तेथेही जनुकांकडे बोट दाखवले गेले. पण त्या अभ्यासाने नमुने घेतले होते तीन प्रकारच्या वस्त्यांतून : गरीब मेक्सिकन वस्ती, मिश्र वस्ती आणि सुखवस्तू उपनगर. गरीब वस्तीकडून उपनगराकडे जाताना मेक्सिकन नागरिकांतील मधुमेह कमी होत गेला. पुण्यात याज्ञिक यांच्या गटाने खेडे, झोपडपट्टी आणि मध्यमवर्गीय शहर अशी जी तुलना केली, तिच्यात उतार नेमका उलटा निघाला; खेड्यातून मध्यमवर्गाकडे जाताना मेद आणि धोका वाढत गेला. दोन्ही ठिकाणी ‘धोक्याचा वंश’ सांगितला गेला. पण एकीकडे श्रीमंती राखते आणि दुसरीकडे तीच बाधते. असे असेल तर वंश हा या कोड्याचा फार तर एक भाग ठरतो. उरलेला भाग, कोणती पिढी किती वेगाने टंचाईतून सुबत्तेत आली, या इतिहासात शोधावा लागतो.

धाराशिवचा संदर्भ

हा इतिहास धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याला अनोळखी नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात राज्यातील रोजगार कामांवरील मजुरांची संख्या १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या घरात गेली होती. खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलावांवर माती वाहणाऱ्या त्या गर्दीत गर्भवती स्त्रियाही होत्या. कामावर वाटली जाणारी सुकडी हा अनेकींचा पोषक आहार होता. त्या वेळी गर्भात असलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे, म्हणजे मधुमेह उघड होण्याच्या वयात आहे.

नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यातील उपासमारीत गर्भात असलेल्या मुलांचा माग पन्नास वर्षांनी काढता आला. त्यांच्यात साखर पचवण्याची क्षमता घटलेली आढळली आणि हा निबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. ते शक्य झाले, कारण अॅमस्टरडॅमच्या रुग्णालयाने अर्भकांच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. मराठवाड्यातील तत्कालीन बाळंतपणे बहुतांशी घरी, सुईणीच्या हातून झाली. बाळ वजनकाट्यावर ठेवले गेले नाही. ज्यांच्या शरीरावर दुष्काळ लिहिला गेला, त्यांच्याकडे त्याचा कागद नाही.

अशा वेळी प्राण्यांवरील प्रयोगांचा आधार घेण्याचा मोह होतो. २०१५ मध्ये आनंदवर्धन हर्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दोन पिढ्या पुरेसे अन्न दिल्यानंतरही चयापचयातील दोष भरून निघाला नाही. निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. मात्र तो जसाच्या तसा दुष्काळी जिल्ह्यावर लावला, तर ‘आता काही उपयोग नाही’ असा सोयीस्कर नियतिवाद जन्माला येतो. पिंजऱ्यातला उंदीर ऊसतोडीला जात नाही, उचल घेत नाही आणि रेशनच्या रांगेतही उभा राहत नाही.

जिल्ह्यातील आहार आणि श्रम या दोन्हींचे स्वरूप गेल्या दोन पिढ्यांत पालटले आहे. रब्बी ज्वारीच्या या मुलखात खरिपाचे सोयाबीन हे रोखीचे पीक झाले आणि स्वस्त धान्य दुकानातून मिळणाऱ्या गहू-तांदळाने भाकरीची जागा आक्रसली. दुसरीकडे कळंब, वाशी, भूम या बालाघाटाच्या पट्ट्यातून नवरा-बायकोचा ‘कोयता’ मुकादमाची उचल घेऊन दरवर्षी कारखान्याच्या हद्दीत स्थलांतरित होतो. मेदाच्या साठवणीचा विचार करताना या स्त्रीचे शरीर दुर्लक्षून चालत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी झाली, तेव्हा सर्वेक्षणातील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले. या शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले गेले, तर स्त्री-संप्रेरकांचा पुरवठा अकाली थांबतो आणि मांड्या-नितंबांवर साठणारा मेद पोटाकडे वळतो. म्हणजे त्या स्त्रीच्या पोटावरचा मेद केवळ तिच्या आईच्या उपासमारीतून आलेला नसतो. तो उसाच्या फडात एकही खाडा परवडत नाही, या हिशेबातूनही आलेला असतो. ‘थिन-फॅट’ची सर्व चर्चा गर्भाशयाभोवती फिरत असताना, काढून टाकलेल्या गर्भाशयाचा प्रश्न मात्र तिच्यात येत नाही!

कंबरेचे माप

वजनाऐवजी कंबर मोजावी, ही सूचना आता सर्वमान्य झाली आहे. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी निर्देशांकाची मर्यादा २३ वर आणली आणि कंबरेची मर्यादा पुरुषांसाठी ९०, स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ठरवली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) प्रथमच कंबर आणि नितंब यांचे घेर घेतले गेले. निर्देशांकानुसार देशातील २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष अतिवजनाचे. कंबर-नितंब गुणोत्तरानुसार मात्र ५७ टक्के स्त्रिया आणि ४८ टक्के पुरुष धोक्याच्या गटात. ही तफावत वजनकाट्याचे अपुरेपण उघड करते.

तथापि टेपही निर्दोष नाही. कंबरेच्या घेरात त्वचेखालचा मेद आणि आतला मेद यांचा भेद कळत नाही; त्यासाठी सी.टी. अथवा एम.आर.आय. लागते. गुणोत्तराची अडचण आणखी निराळी आहे. अर्धपोटी, कष्टकरी स्त्रीच्या नितंबांवर ना मेद असतो ना पुरेसा स्नायू. छेद लहान झाला की गुणोत्तर आपोआप वाढते. सुबत्तेने वाढलेली कंबर आणि कुपोषणाने आटलेले नितंब सर्वेक्षणात एकाच रकान्यात बसतात.

गावपातळीवर हे सारे शास्त्र पोहोचते ते आशा कार्यकर्तीच्या हातातील गुणांच्या अर्जातून. वय, तंबाखू, मद्य, कंबर, व्यायाम आणि कुटुंबातील आजार यांना गुण दिले जातात. चारपेक्षा अधिक गुण मिळाले की तपासणीत प्राधान्य. पस्तीस वर्षांची, मिश्री न लावणारी, ७९ सेंटिमीटर कंबरेची ऊसतोड स्त्री घेतली तर वयाचा एक गुण मिळतो. आठवड्याला दीडशे मिनिटांचे शरीरश्रम ती एका सकाळीच पुरे करते, म्हणून तेथे शून्य. आईवडिलांना मधुमेह होता काय, याचे उत्तर ‘नाही’ असे लिहिले जाते, कारण त्यांचे रक्त कधी तपासलेच गेले नाही, तेथेही शून्य. एकूण गुण एक. जन्मवजन, दुष्काळी वर्षातील जन्म, गर्भाशयाची शस्त्रक्रिया यांपैकी एकालाही या अर्जात गुण नाही.

तिशीवरील प्रत्येकाची तपासणी व्हावी, गुण कितीही असोत, असे मार्गदर्शक सूचना सांगतात, हे येथे नमूद करणे न्याय्य होईल. गुण केवळ क्रम ठरवतात. पण जेथे रक्तातील साखर मोजण्याच्या पट्ट्या मोजक्या असतात, तेथे क्रम हाच निर्णय असतो. शिवाय कंबर मोजायची ती शेवटची बरगडी आणि कटीचे हाड यांच्या मध्यावर, अंगावर वस्त्र नसताना. गावात ती मोजली जाते निऱ्यांच्या गाठीवरून. पुरुषांच्या बाबतीत तर टेप धरायचा कोणी, हाच पेच. आणि उपकेंद्रावरील तपासणीचा वार ज्या महिन्यांत नेमाने पाळला जातो, त्यांतील निम्म्या महिन्यांत, दिवाळीनंतरपासून पाडव्याच्या सुमारापर्यंत, या स्त्रिया गावात नसतात. त्या दुसऱ्या जिल्ह्यातील फडावर, तेथील कोणत्याही आशा कार्यकर्तीच्या यादीबाहेर असतात.