कारागृह अधिकाऱ्यांचे व्यावसायिक शिक्षण आणि परस्परसंपर्क : एक चिकित्सा

प्रास्ताविक

भारतातील कारागृहसुधारणेविषयीचे लेखन विपुल आहे. बंदिवानांचे हक्क, गर्दी, खटल्यांतील विलंब, आरोग्य, शिक्षेचे तत्त्वज्ञान इत्यादी विषयांवर समित्यांचे अहवाल, न्यायनिर्णय आणि समाजशास्त्रीय अभ्यास यांची मोठी परंपरा निर्माण झाली आहे. या परंपरेत कारागृह अधिकारी मात्र दोनच रूपांत आढळतो. एकतर तो क्रूर रखवालदार असतो, नाहीतर असामान्य सुधारक. आपल्या व्यवसायाचे ज्ञान मिळवणारा, ते तपासून पाहणारा आणि इतरांपर्यंत पोहोचवणारा व्यावसायिक हे त्याचे तिसरे रूप क्वचितच विचारात घेतले जाते. या अभावाची कारणे आणि परिणाम यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील १,३३० कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. अधिकृत क्षमता ४,३६,२६६ होती. बंदींपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, न्यायाधीन होते. कारागृह अधीक्षकाच्या हाती सोपवलेला समाज बहुतांशी दोष सिद्ध न झालेल्यांचा आहे, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

एकाकी सुधारकाची प्रतिमा

१९३९ मध्ये औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. त्या प्रयोगापासून प्रेरणा घेऊन ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेल्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. सहा खुन्यांना उजाड माळावर नेऊन शेतीला लावणारा त्यातील जेलर मराठी मनात आदर्श म्हणून रुजला, आणि ते योग्यच होते.

तथापि या प्रतिमेची एक मर्यादा आहे. चित्रपटातील जेलर एकटा आहे. त्याच्या प्रयोगाला वरिष्ठांची शंका आहे, बाजाराचा विरोध आहे. पण त्याला सहव्यवसायी नाहीत. शेवटी त्याचा मृत्यू होतो तेव्हा त्याचा वारसा ते सहा कैदी पुढे चालवतात. दुसऱ्या कोणत्याही जेलरकडे तो जात नाही. नैतिक कथा म्हणून हा शेवट परिणामकारक आहे. प्रशासनाचा नमुना म्हणून पाहिल्यास मात्र तो चिंताजनक ठरतो, कारण सुधारणा ही सुधारकाच्या आयुष्याइतकीच टिकणारी गोष्ट आहे, असे त्यातून नकळत सूचित होते.

प्रत्यक्षातही हेच सूत्र पुन्हा दिसते. १९९३ ते १९९५ या काळात किरण बेदी दिल्लीच्या कारागृह महानिरीक्षक होत्या. तिहारमधील तक्रारपेटी, साक्षरता वर्ग आणि १९९४ मधील सुमारे हजार बंदींचे विपश्यना शिबिर यांची देशभर चर्चा झाली. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. तथापि विपश्यनेचा प्रयोग जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात १९७५ मध्येच झालेला होता. एका राज्यातील अनुभव दुसऱ्या राजधानीपर्यंत पोहोचण्यास जवळजवळ दोन दशके लागली. त्यामागे कोणा एका व्यक्तीची अनास्था पाहण्यापेक्षा अनुभव वाहून नेणाऱ्या वाटाच नव्हत्या, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

अहवालांची परंपरा

प्रशिक्षणाचा विचार भारतीय अहवालांत नवा नाही. १९१९–२० च्या भारतीय कारागृह समितीने शिक्षेच्या हेतूंत सुधारणा आणि पुनर्वसन यांना स्थान दिले आणि बंदींचा सांभाळ प्रशिक्षित व्यक्तींकडे सोपवावा, असा आग्रह धरला. लखनौ येथील कारागृह प्रशिक्षण शाळा १९४० मध्ये सुरू झाली. म्हणजे शिफारशीपासून संस्थेपर्यंत वीस वर्षे गेली.

स्वातंत्र्यानंतर संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ म्हणून डॉ. वॉल्टर रेक्लेस १९५१–५२ मध्ये भारतात आले. जुन्या नियमपुस्तिकांची फेररचना, प्रशिक्षण आणि केंद्रीय सल्लागार कार्यालय यांबरोबरच त्यांनी दोन सूचना केल्या, त्यांकडे पुढील चर्चेत फारसे लक्ष गेले नाही. सुधारात्मक प्रशासनातील व्यावसायिक अनुभवाच्या देवाणघेवाणीसाठी राष्ट्रीय व्यासपीठ असावे, ही एक. आणि वरिष्ठ कर्मचाऱ्यांच्या परिषदा नियमित व्हाव्यात, ही दुसरी. १९५२ मध्ये भरलेल्या कारागृह महानिरीक्षकांच्या परिषदेने त्यांच्या शिफारशींना पाठिंबा दिला. त्यातून १९५७ मध्ये अखिल भारतीय कारागृह नियमपुस्तिका समिती नेमली गेली आणि १९६० मध्ये आदर्श नियमपुस्तिका आली.

येथे एक सूक्ष्म पण निर्णायक स्थित्यंतर घडले. व्यासपीठाची मागणी मागे पडली आणि पुस्तिका पुढे आली. अनुभवाच्या आदानप्रदानाची जागा नियमांच्या संहितेने घेतली. न्या. आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८३ च्या अहवालात कारागृहांसाठी स्वतंत्र अखिल भारतीय सेवा आणि राष्ट्रीय आयोग यांची शिफारस केली. ती सेवा स्थापन झाली नाही. आदर्श नियमपुस्तिका मात्र २००३ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये नव्याने लिहिली गेली. 'कारागृहे' हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत असल्याने अशा पुस्तिकेचे स्वरूप मार्गदर्शक एवढेच राहते, ही घटनात्मक मर्यादा मान्य करावी लागेल. परंतु याच मर्यादेमुळे राज्याराज्यांतील अधिकाऱ्यांच्या परस्परसंपर्काची गरज अधिक तीव्र होते, हे तितकेच खरे आहे.

प्रशिक्षणसंस्था आणि त्यांच्या मर्यादा

वेल्लोर येथील संस्था १९७९ मध्ये दक्षिणेकडील राज्यांच्या सहकार्यातून उभी राहिली. चंडीगड येथेही अशी संस्था आहे. महाराष्ट्रात येरवड्याचे दौलतराव जाधव कारागृह अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालय हे काम करते. १९९५ पासून पोलीस संशोधन व विकास विभागाकडे सुधारात्मक प्रशासनाचा विषय सोपवला गेला असून त्याच्या वतीने अभ्यासक्रम, परिषदा आणि अखिल भारतीय कारागृह कर्तव्य मेळावे होतात. अशा संस्था नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

प्रश्न त्यांच्या रचनेमागील गृहीतकाचा आहे. येथे प्रशिक्षण म्हणजे वरून खाली दिले जाणारे ज्ञान होय. सेवेत प्रवेश करताना ते एकदा मिळते, पदोन्नतीच्या वेळी थोडे पुन्हा मिळते आणि मधल्या वर्षांत अधिकारी एकटा असतो. परिषदा भरतात त्या प्रामुख्याने विभागप्रमुखांच्या. कारागृह विभागाचे प्रमुखपद बहुधा भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्याकडे असते आणि बदलीनंतर तो अन्य विभागात जातो. परिणामी परिषदेत जमा झालेले संचितही त्याच्याबरोबर निघून जाते. कारागृहातच हयात घालवणारा तुरुंगाधिकारी, उपअधीक्षक किंवा अधीक्षक त्या चर्चेत नसतो. मेळाव्यांतील स्पर्धांमुळे कौशल्य आणि उत्साह यांना वाव मिळतो, ही जमेची बाजू आहे. परंतु स्पर्धेत यश मांडले जाते. व्यवसाय परिपक्व होण्यासाठी अपयशही मांडता येईल अशी जागा लागते.

अमेरिकेतील एक अनुभव

अशी जागा अन्यत्र कशी घडली, हे पाहणे येथे उपयुक्त ठरेल. अमेरिकेत शिक्षा भोगण्याची मोठी कारागृहे राज्यांच्या ताब्यात, तर न्यायाधीन आणि अल्पमुदतीच्या बंदींची 'जेल' प्रामुख्याने जिल्ह्यासारख्या काउंटींच्या शेरीफकडे असतात. आपल्या जिल्हा कारागृहांशी साम्य आहे ते या दुसऱ्या प्रकाराचे. १९७१ मधील ॲटिका येथील रक्तपातानंतरच्या मंथनातून १९७४ मध्ये राष्ट्रीय सुधारसेवा संस्था स्थापन झाली आणि तिने पुढे काउंटी जेलसाठी कोलोरॅडो राज्यात स्वतंत्र केंद्र उघडले. या संस्थेने हजार किंवा त्याहून अधिक बंदी असलेल्या जेलच्या प्रमुखांचे जाळे उभारले. वर्षातून दोनदा त्यांच्या बैठका होत. पुढील बैठकीचे विषय सहभागी अधिकारीच सुचवीत आणि चर्चेचा वृत्तांत छापला जाई. १९८१ मध्ये दोन जुन्या संघटनांच्या विलीनीकरणातून अमेरिकन जेल असोसिएशन ही व्यावसायिक संघटनाही निर्माण झाली.

या व्यवस्थेचे फळ एका उदाहरणावरून स्पष्ट होते. कर्मचारी काचेआड न बसता बंदींच्या निवासकक्षातच राहून देखरेख करतो, ही पद्धत १९७० च्या दशकाच्या मध्यास केंद्र सरकारच्या काही शहरी कोठड्यांत आली. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील काँट्रा कोस्टा काउंटीच्या जेलने ती स्वीकारली. त्यानंतर इतर काउंटींचे अधिकारी तेथे जाऊन पाहू लागले, सहकाऱ्यांना प्रश्न विचारू लागले आणि ही पद्धत देशभर पसरली. आदेश काढूनही जो बदल घडवणे अवघड होते, तो समव्यवसायिकांनी प्रत्यक्ष पाहिल्यामुळे घडला.

अर्थात याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरील कारागृहे २०१५ पासून न्यायालयीन देखरेखीखाली असूनही हिंसा आटोक्यात न आल्याने २०२५ मध्ये केंद्रीय न्यायालयाला बाहेरचा अधिकारी नेमण्याचा मार्ग पत्करावा लागला. केवळ अधिकारीच अधिकाऱ्यांशी बोलत राहिले, तर संपर्काचे रूपांतर परस्परसमर्थनात होण्याचा धोका असतो. म्हणून अशा व्यासपीठावर न्यायाधीश, वैद्यक, समाजकार्यकर्ते आणि सुटून आलेले बंदी यांनाही स्थान असणे आवश्यक ठरते.

प्रशिक्षणाच्या अभावाची किंमत

ही चर्चा केवळ प्रशासकीय सोयीची नाही, हे तीन अलीकडील घटनांवरून लक्षात येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, काही अपवाद वगळता, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत घालवलेल्या न्यायाधीन बंदीला जामिनावर सोडावयाचे असते. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यासाठी ही मर्यादा एक तृतीयांश आहे. तो काळ पूर्ण होताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याचे कर्तव्य कायद्याने कारागृह अधीक्षकावर टाकले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद जुन्या प्रकरणांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. कोणता बंदी पात्र, एकाहून अधिक खटले प्रलंबित असल्यास काय, कोठडीचे दिवस कसे मोजावे, हे प्रश्न आता अधीक्षकाच्या टेबलावर आहेत. शेजारच्या जिल्ह्यातील अधीक्षकाने ते कसे सोडवले हे त्याला कळण्याची सोय नसेल, तर हिशेबातील चुकीची किंमत एखादा माणूस महिनोन्महिने बराकीत राहून मोजतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात कारागृहातील कामाची जातीनुसार विभागणी करणाऱ्या राज्यांच्या नियमपुस्तिकांतील तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. आदर्श नियमपुस्तिका तीनदा लिहून झाल्यावरही स्वातंत्र्याच्या ७७ वर्षांनंतर असे नियम पुस्तकांत शिल्लक होते, आणि ते न्यायालयापर्यंत आणण्याचे काम एका पत्रकाराला करावे लागले. नियम शिकवणारे प्रशिक्षण पुरेसे नाही. नियमाला प्रश्न विचारण्याची सवयही त्यात रुजली पाहिजे, हा यातील धडा होय.

जून २०१७ मध्ये मुंबईच्या भायखळा महिला कारागृहात एका बंदीचा मृत्यू झाला. शिध्याच्या हिशेबातील तफावतीवरून तिला मारहाण झाल्याचा आरोप होता आणि एका तुरुंगाधिकाऱ्यासह सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. आरोपांचा निवाडा हे न्यायालयाचे काम आहे. अभ्यासकापुढील प्रश्न निराळा आहे : वाटपात काही कमी पडते, राग येतो, वरिष्ठ जवळ नसतो, अशा क्षणासाठी कर्मचाऱ्याची कोणती तयारी करून घेतली जाते? २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतील ७५ आणि ७६ क्रमांकाचे नियम सेवेपूर्वीचे आणि सेवेतील असे दोन्ही प्रशिक्षण अपेक्षितात. बंदींशी नित्य संवाद राखून साधलेली सुरक्षा आणि बळाचा मर्यादित वापर हे त्यातील विषय आहेत. सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वरिष्ठ कारागृह अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा आणि संवेदनशीलतेचा निर्देश दिला. पण अपेक्षित क्षणी शिध्याच्या कोठीत उभा असतो तो वरिष्ठ अधिकारी नव्हे, तर शिपाई, हवालदार आणि कनिष्ठ तुरुंगाधिकारी.

समारोप

एकंदरीत, भारतीय कारागृह प्रशासनात आदर्श व्यक्तींची, अहवालांची आणि नियमपुस्तिकांची उणीव नाही. उणीव आहे ती व्यवसायबंधुत्वाची. डॉक्टर, शिक्षक किंवा वकील आपल्या अनुभवाची नोंद करतात, ती सहकाऱ्यांपुढे ठेवतात आणि तिची चिकित्सा होऊ देतात. कारागृह अधिकाऱ्याला ही संधी देण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. विभागीय पातळीवर अधीक्षक आणि तुरुंगाधिकारी यांच्या नियमित बैठका व्हाव्यात, त्यांचे विषय त्यांनीच ठरवावेत, चर्चेचे वृत्तांत मराठीतून छापून शिपायापर्यंत पोहोचावेत आणि अशा बैठकांत विद्यापीठीय अभ्यासकांना सहभागी करून घ्यावे, एवढ्यानेही आरंभ होऊ शकेल. या शेवटच्या बाबतीत महाविद्यालयांची जबाबदारीही लहान नाही. समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि विधी या विभागांपासून जिल्हा कारागृह बहुधा काही किलोमीटरवरच असते.

रेक्लेस यांनी १९५२ मध्ये मागितलेले व्यासपीठ अद्याप खऱ्या अर्थाने उभे राहायचे आहे. ते उभे राहीपर्यंत स्वतंत्रपूरसारखे प्रयोग अपवाद म्हणूनच गौरवले जातील आणि प्रत्येक नव्या जेलरला आपल्या माळावर एकट्यानेच पहिली कुदळ मारावी लागेल.