उंदराची रूपांतरे

निवृत्त माणसाने काहीतरी वाचत राहावे, असे सगळेच सांगतात. काय वाचावे, हे मात्र कोणी सांगत नाही. मी गेले तीन महिने मांजराच्या कोरड्या खाद्याच्या पिशव्या वाचतो आहे. पुढून, मागून, आणि शिवणीपाशी दडलेली बारीक अक्षरे तर भिंग लावून.

याला कारण आमचा गोट्या. गोट्या हा बोका. एका रविवारी तो सकाळपासून वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता, कण्हत होता आणि काही न होताच बाहेर येत होता. "पोट साफ नसेल त्याचं," असे म्हणून मी पेपर वाचत राहिलो. सौ.ने माझ्या हातातला पेपर काढून घेतला आणि रिक्षा बोलावली. कल्याणच्या डॉक्टरांनी पोट चाचपले आणि म्हणाले, "लघवी तुंबलीय. बोक्यांची नळी बारीक असते, त्यात खडे नाहीतर गाळ अडकतो. उद्यावर ढकललं असतंत तर गेला असता."

नळी घातली, सलाईन लावले, गोट्या वाचला. मग त्यांनी विचारले, "खायला काय घालता?"

"कोरडं खाद्य."

"कुठलं?"

"जे स्वस्त मिळेल ते."

"पिशवी कधी वाचलीत?"

हा प्रश्न मला लागला. मोहन्याच्या एनआरसीत, रेयॉनच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी उमेदीची वर्षे लेबले वाचण्यातच काढली. कंपनी २००९ साली बंद पडली आणि तिच्याबरोबर माझी ती सवयही. आता ती पुन्हा लावून घ्यायची ठरवली. स्वस्त, मध्यम आणि सुरमईच्या भावाची अशा तीन पिशव्या आणल्या आणि समीक्षेला बसलो.

प्रथम मुखपृष्ठ. स्वस्त पिशवीवर एक गुबगुबीत मासा उसळी मारतो आहे. आत मात्र पहिला शब्द मका. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचा रिवाज आहे, म्हणजे या कादंबरीचा नायक मका आणि मासा नुसता वासापुरता. दाणे माशांच्या आकाराचे, लाल-हिरवे. मांजराला हे रंग आपल्यासारखे दिसत नाहीत, आणि गोड चव तर कळतच नाही. त्या चवीचे जनुकच त्याच्यात निकामी आहे, हे २००५ साली सिद्ध झाले. तेव्हा ही सारी सजावट वाचकासाठी नसून पुस्तक विकत घेणाऱ्यासाठी आहे.

मग आकडे. 'प्रथिने ३० टक्के' वाचून सौ. खूश झाली. मी प्रयोगशाळेतला माणूस, मला शंका आली. हा आकडा काढतात केल्डाल नावाच्या डॅनिश रसायनतज्ज्ञाच्या १८८३ सालच्या पद्धतीने. त्यात मोजतात नायट्रोजन आणि त्याला गुणतात ६.२५ ने. नायट्रोजन कोंबडीतही असतो आणि तिच्या पिसांतही. २००७ साली अमेरिकेत गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळून हा आकडा फुगवलेला सापडला. मूत्रपिंडे निकामी होऊन कितीतरी कुत्री-मांजरे मेली. तात्पर्य, आकडा किती हे पिशवी सांगते, कशाचा हे घटकांच्या यादीत शोधावे लागते.

आणि जे छापतच नाहीत ते वजाबाकीने काढावे. समजा प्रथिने ३०, स्निग्धांश १०, तंतू ४, पाणी १०, राख ८. बेरीज ६२. उरलेले ३८ कुठे गेले? ते पिष्ट. बिचाऱ्या कारखानदाराचाही इलाज नाही. दाणा यंत्रातून दाबून फुलवायचा तर त्यात पीठ हवेच. नुसत्या मटणाचे कुरमुरे होत नाहीत.

"आमच्या माहेरची मांजरी दूधभातावर अठरा वर्षं जगली," सौ. म्हणाली.

"दूधभात ही प्रस्तावना होती," मी म्हटले. "ग्रंथ ती रात्री माळ्यावर वाचायची."

बोलता बोलता मला कसोटीच सापडली. मूळ संहिता म्हणजे उंदीर. बाकी सारी रूपांतरे. उंदरात कोरड्या वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने, पिष्ट नावापुरते. शिवाय टॉरिन, जे मांजराला स्वतःच्या अंगात पुरेसे बनवता येत नाही. ते कमी पडले की डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ साली कळले. हृदय कमजोर होऊन फुगते, हे १९८७ साली, आणि तेही बाजारच्या तयार खाद्यावर वाढलेल्या मांजरांवरून. तेव्हापासून ते जास्त घालू लागले. माझ्या तिन्ही पिशव्यांवर टॉरिन आहे, हे मान्य केले पाहिजे.

आता निकाल. पहिले रूपांतर स्वैर. कथानक मक्याच्या शेतात घडते. दुसरे शालेय, पण प्रामाणिक: कोंबडीची भुकटी आधी, तांदूळ नंतर. तिसऱ्यात 'ताजी कोंबडी' अग्रस्थानी. पण ताज्या कोंबडीत बरेचसे पाणीच. ते उडाले की ती यादीत खाली घसरते. तरीही आशयाच्या दृष्टीने हेच सरस.

मात्र तिघांनीही मूळ ग्रंथातला एकच मजकूर गाळला आहे. उंदरात दोन तृतीयांशाच्या आसपास पाणी. या दाण्यांत दहा टक्के. मांजर मूळचे वाळवंटाकडचे. तहान त्याला फारशी कळत नाही. पाणी ते भक्ष्यातूनच घेते. पिशवी बदलून गोट्याचे दुखणे टळले नसते, कारण सुरमईच्या भावाची पिशवीसुद्धा तितकीच कोरडी होती. मी तिन्ही पिशव्यांतले प्रथिनांचे आकडे ताडून पाहत बसलो, आणि खरा प्रश्न आमच्या नळाला होता.

आता डॉक्टरांनी ठरवून दिलेले खाद्य संपल्यावर गोट्याला मधली पिशवी चालू आहे. दाणे पाण्यात भिजवून. संध्याकाळी उकडलेल्या मासळीचे पाणी, मीठ-हळद न घालता; तीन ठिकाणी वाट्या. सौ. म्हणते, एवढे पाणी तुम्ही स्वतः प्यालात तर बरे होईल.

सकाळी पेपर येतो. तो उघडण्याआधी मी जाऊन वाळूचा ट्रे पाहतो. ओल्या वाळूचे दोन गोळे दिसले की परत येऊन बसतो, चष्मा लावतो, आणि मग जगात काय चालले आहे ते वाचतो.